सोमवारची वही: नोकरी सांभाळून मॅनेजमेंट शिकणाऱ्यांसाठी

रबाळे एमआयडीसीतल्या खोक्यांच्या कारखान्यात मी २००३ साली क्वालिटीला लागले. खोके म्हणजे कोरुगेटेड बॉक्स. कागदाला हात लावून जीएसएम (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) सांगता येईल इथवर मजल गेली, आणि २०१५ मध्ये मालकांनी केबिनमध्ये बोलावून सगळा प्लांटच माझ्या गळ्यात घातला. ११० माणसं, तीन पाळ्या. पहिल्या आठ महिन्यांत दोन सुपरवायझर सोडून गेले. त्यातला दुसरा हिशेब घ्यायला आला तेव्हा चहा पिता पिता म्हणाला, "मॅडम, तुमच्या हाताखाली शिकायला खूप मिळतं, पण करायला काही मिळत नाही." मला ते तेव्हा कळलंच नाही. मी त्याला पगारवाढ देऊ केली.

पुढच्या वर्षी मी तीन वर्षांच्या संध्याकाळच्या मॅनेजमेंट कोर्सला नाव घातलं आणि २०१९ मध्ये सुटले. आता ऐरोली-महाप्याच्या कंपन्यांतली ओळखीची पोरंपोरी विचारतात, "ताई, एमबीए करू का?" प्रत्येकाला तुकड्या-तुकड्याने जे सांगते ते एकदा सलग लिहून काढतेय. यातलं निम्मं विसरलात तरी चालेल, पण एवढं लक्षात ठेवा: वर्गात ऐकलेली एक तरी गोष्ट येत्या सोमवारी कामावर करून बघायची. ते करणार नसाल तर पदवी मिळेल, माणसं मात्र होती तशीच तुमच्यापासून लांब राहतील.

आधी एक कागद

फॉर्म भरायच्या आधी गेल्या वर्षभरातले तीन प्रसंग लिहा, जिथे काम अडलं आणि तुमच्यामुळे अडलं. "मार्केट खराब होतं", "वरून सपोर्ट नव्हता" असली वाक्यं खोडून टाका. उरेल ते वाचा. तिन्ही ठिकाणी 'मला हिशेब कळत नव्हता' असंच निघत असेल तर तीन वर्षं कशाला घालवता? नोकरदारांसाठी चार-पाच दिवसांचे छोटे कोर्स असतात, एमडीपी म्हणतात त्यांना. बहुतेक मोठ्या संस्था ते घेतात. त्यातला फायनान्सचा एक पुरे. कायद्यात अडलं असेल तर लेबर कन्सल्टंटला दोन तास समोर बसवा. पण तिन्ही प्रसंगांत माणसंच असतील, म्हणजे कोणी ऐकलं नाही, कोणी सोडून गेलं, कोणी विचारायलाच घाबरलं, तर मग हा लांबचा रस्ता तुमचा.

माझ्या कागदावरचा तिसरा प्रसंग सांगते. जुलैचा महिना, एक्स्पोर्टच्या पाच पदरी खोक्यांची ऑर्डर. मी कर्जतला लग्नाला गेले होते, फोनला रेंज नव्हती. हवेतल्या दमटपणाने कागद ओलावला, शीट वाकडी निघायला लागली आणि मशीन चार तास बंद राहिलं. बावीस वर्षं त्या मशीनवर काढलेले आमचे मामा (वयाने मोठ्या ऑपरेटरला आमच्याकडे सगळे मामाच म्हणतात) शेजारी उभे होते. काय करायचं ते त्यांना पक्कं माहीत होतं. पण मॅडमना विचारल्याशिवाय स्पीड कमी कसा करायचा?

हा कागद जपून ठेवा. प्रवेशाच्या मुलाखतीत "मी टीम प्लेअर आहे, लीडरशिपची आवड आहे" हे समोरचे सकाळपासून तीसदा ऐकून बसलेले असतात. मी चार तास बंद पडलेलं मशीन सांगितलं. पॅनलमधल्या एका बाईंनी पेन खाली ठेवून विचारलं, "मग मामांना काय म्हणालात?" खरं ते सांगितलं, की ओरडले.

कोर्स कुठला घ्यायचा

'एक्झिक्युटिव्ह' हा शब्द हल्ली सगळ्यावर चिकटवलेला असतो, त्यामुळे पाटी वाचून काही कळत नाही. पहिली जात मुंबई विद्यापीठाच्या अर्धवेळ मास्टर्सची: मार्केटिंग, फायनान्स, एचआर, इन्फर्मेशन मॅनेजमेंट, प्रत्येकी तीन वर्षं. चर्चगेटच्या जमनालाल बजाजमध्ये आणि विद्यापीठाशी जोडलेल्या इतर संस्थांत हे वर्षानुवर्षं चालत आलेत, आणि ते नोकरी करणाऱ्यांसाठीच आखलेले आहेत. दुसरी जात आयआयएमच्या एक वर्षाच्या पूर्णवेळ कोर्सची. नोकरी सोडावी लागते आणि मोठ्या आयआयएमची फी वीस लाखांच्या वर जाते. बाकी, पवईचं आपलं निटी २०२३ पासून आयआयएम मुंबई झालंय, त्यामुळे आयआयएम म्हटलं की बॅग भरायची हे दिवस गेले. तिसरे शनिवार-रविवारचे किंवा ऑनलाइन कोर्स. आणि चौथी मुक्त विद्यापीठं, इग्नू किंवा नाशिकचं यशवंतराव चव्हाण. तिथली फी परवडते, पुस्तकंही बरी असतात. पण माणसं हाताळायला शिकायचं तर समोर वाद घालणारी माणसं लागतात, आणि घरी बसून ती मिळत नाहीत.

पदवी आणि प्रमाणपत्र यांत गल्लत करू नका. २०१७ च्या कायद्याने आयआयएमना पदवी द्यायचा अधिकार मिळाला, म्हणून त्यांचा सहा महिन्यांचा ऑनलाइन कोर्स एमबीए होत नाही. तो प्रमाणपत्राचा कोर्स असतो. उपयोग असेलही, पण जाहिरातीत ही गोष्ट बारीक अक्षरात असते. 'दहा दिवसांत एमबीए' विकणाऱ्यांबद्दल तर २०२४ मध्ये खुद्द यूजीसीला जाहीर इशारा द्यावा लागला. ऑनलाइन पदवी घ्यायची असेल तर त्या विद्यापीठाचं आणि त्याच कोर्सचं नाव यूजीसीच्या दूरशिक्षणाच्या यादीत आहे का, ते पैसे भरायच्या आधी स्वतः बघा. काउन्सेलरच्या फोनवर जाऊ नका. तो सेल्समन असतो.

मी संस्था निवडली ती दोन गोष्टींवर. वर्गात शेजारी कोण बसणार, ही पहिली. ऑफिसला विनंती करून एका संध्याकाळी मागच्या बाकावर बसून आले. वर्गात बँकेतला एक जण, हॉस्पिटलच्या मेट्रन, कुरिअर कंपनीचा हब मॅनेजर, दोन आयटीवाले. मला असाच वर्ग हवा होता. सगळे एकाच धंद्यातले असले की सगळ्यांच्या अडचणीही सारख्याच आणि सबबीही.

दुसरी गोष्ट, प्रवास. फी भरायच्या आधी सोमवार, बुधवार, शुक्रवार असे तीन दिवस खरोखर जाऊन बघा, तेही पावसात. मी सव्वापाचला कारखाना सोडायचे, रबाळ्याहून ट्रान्स-हार्बरने ठाणे, तिथे दहा नंबरवर उतरून पूल चढायचा आणि ठाण्याहूनच सुटणारी स्लो पकडायची. फास्टने दहा-बारा मिनिटं वाचतात, पण स्लोला बसायला जागा मिळते, आणि त्या जागेवर माझी तीन वर्षांची सगळी वाचनं झाली. चर्चगेटला मला झेपलं नसतं. मी दादरच्या अलीकडची संस्था घेतली. नाव मोठं होतं का? बऱ्यापैकी. पण साडेसहाच्या लेक्चरला मी साडेसहाला पोचायचे.

वर्गात

मॅनेजमेंटच्या वर्गात केस शिकवतात. केस म्हणजे एखाद्या कंपनीची खरी हकिकत, दहा-वीस पानांची, आणि नेमकी निर्णयाच्या जागी तोडलेली. हार्वर्डने १९२० च्या दशकात ही पद्धत रुळवली. अहमदाबादचं आयआयएम १९६१ मध्ये उभं राहिलं ते हार्वर्डच्या मदतीने, आणि ही पद्धत तिथे चांगली मुरली. सर उत्तर सांगत नाहीत, त्याचा पहिले दोन महिने फार राग येतो. एवढी फी भरून आम्हीच आपापसात भांडायचं?

केस तीनदा वाचा. पहिल्यांदा गाडीत, भरभर: ठरवायचं कोणाला आहे आणि कधीपर्यंत. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, फक्त आकडे. शेवटची तक्त्यांची पानं बहुतेक जण सोडून देतात आणि मेख तिथेच असते. तिसऱ्यांदा वाचून झालं की वर्गात शिरण्याआधी आपला निर्णय एका ओळीत लिहा, खाली कारण. चर्चेत मत बदललं तरी ती ओळ खोडायची नाही. वर्षभराने त्या ओळी चाळल्या तर आपण दर वेळी कुठे घसरतो ते दिसतं. माझ्या चाळीसेक ओळींपैकी तीस तरी 'मी स्वतः जाऊन बघेन' या अर्थाच्या होत्या.

पहिल्या सत्रात एका केसवर मी तावातावाने तीन मिनिटं बोलले: हा सुपरवायझर बदलायचा, लाइनची मांडणी बदलायची, वगैरे. सरांनी शांतपणे ऐकलं आणि शेजारच्या हब मॅनेजरला माझ्यासमोर खुर्ची टाकून बसवलं. "हे तुमचे सुपरवायझर. सांगा त्यांना." मी उभी राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना. निर्णय होता, वाक्य नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक निर्णयाखाली मी ते वाक्य लिहायला लागले: कोणाला, कुठे उभं राहून, कोणत्या शब्दांत. तुम्हीही लिहा. अभ्यासक्रमात हे कुठे नाही.

मराठी शाळेतून आलेल्यांची अडचण वेगळी असते. वर्गात इंग्रजी चालतं आणि गोरेगाव-पवईची पोरं फाडफाड बोलतात. मी पहिला महिना गप्प होते. मग ठरवलं की दर लेक्चरला एक प्रश्न विचारायचा, आधी वहीत लिहून, वाचून दाखवला तरी चालेल. तिसऱ्या महिन्यात कागद लागला नाही. उलट दिशेनेही काम असतं, आणि ते मला जास्त मोलाचं वाटतं. वर्गातला शब्द कारखान्यात नेताना त्याचं आपल्या बोलीत काय होतं ते बघायचं. 'डेलिगेशन' मी फ्लोअरवर कधी उच्चारलं नाही. "तुम्ही बघा, झालं की मला सांगा" आणि "आधी मला सांगा, मग करा" ही दोन वाक्यं पुरतात. कुठलं कोणाला म्हणायचं, सगळी गंमत तिथे आहे.

वही

शंभर पानी साधी वही. डाव्या पानावर वर्गात ऐकलेलं, दोन-तीन ओळी. उजव्या पानावर: सोमवारी काय करणार, कोणाबरोबर. शुक्रवारी त्याखाली, काय झालं.

त्या वहीतला सगळ्यात महागडा सोमवार हर्सी आणि ब्लँचर्ड यांच्यामुळे आला. या दोघा अमेरिकनांनी १९६९ मध्ये मांडलेलं सूत्र मॅनेजमेंटच्या बहुतेक कोर्सांत शिकवतात. माणूस त्या कामात किती तयार आहे ते बघून आपली रीत बदलायची, हे त्याचं सार. नवख्याला नेमकं सांगायचं, थोडा रुळला की पटवून द्यायचं, मग त्याच्या सोबतीने ठरवायचं, आणि पुरता तयार झाला की सोपवून बाजूला व्हायचं. सांगणं, पटवणं, सोबत, सोपवणं. ऐकताना वाटलं, यात काय मोठं?

मी उत्साहात शेवटची पायरीच उचलली. रात्री दोनला मामांचा फोन आला, शीट वाकते म्हणून. नेहमीसारखं तोंडावर आलेलं उत्तर गिळलं आणि विचारलं, "मामा, तुम्हाला काय वाटतं?" पलीकडे इतका वेळ शांतता की फोन कट झाला असं वाटलं. मग ते म्हणाले, "स्पीड उतरवतो, कागद हीटरवर जास्त वेळ फिरवतो, आणि उरलेल्या रिळांना प्लॅस्टिक गुंडाळून ठेवतो." मी म्हटलं, करा. सकाळी माल ठाक सरळ. मी वहीत जाड अक्षरात लिहिलं: जमलं!

त्याच आठवड्यात खोक्याच्या झाकणाच्या पट्ट्या कापणाऱ्या स्लॉटिंग मशीनवर तीन आठवड्यांपूर्वी लागलेला मुलगा सेटिंग विचारायला आला. मी त्यालाही हसून म्हटलं, "तुला काय वाटतं?" बिचाऱ्याला काहीच वाटत नव्हतं, पण मॅडमना तसं सांगणार कसं? त्याने अंदाजाने सेटिंग केलं. सहा मिलिमीटरची चूक, झाकणाच्या पट्ट्या मिळेनात, आठशे खोके रद्दीत. त्या मुलाला सांगायला हवं होतं आणि मामांना सोपवायला. मी आठ महिने बरोबर उलटं करत होते आणि मग एका आठवड्यात सगळ्यांना सोपवत सुटले. शुक्रवारी उजव्या पानावर 'आठशे खोके' एवढंच लिहिलं. पुढच्या लेक्चरला हे सांगितलं तेव्हा वर्ग हसला; हॉस्पिटलच्या मेट्रन मात्र हसल्या नाहीत. त्यांच्याकडे चूक झाली तर रद्दी निघत नाही, म्हणाल्या.

आता तुम्ही करून बघा. तुमच्या हाताखालच्या प्रत्येकाचं नाव लिहा, पण समोर 'चांगला', 'कच्चा' असं लिहू नका. कामं लिहा. मामा मशीनवर पक्के होते, पण नवीन कॉम्प्युटरवर प्रॉडक्शनची नोंद करताना तेच मामा त्या पोरापेक्षा नवखे. एका माणसाशी सकाळी एका रीतीने आणि दुपारी दुसऱ्या रीतीने वागावं लागतं, आणि ती आपली लहर नाही हे त्यालाही सांगावं लागतं.

दुसरा प्रयोग चिठ्ठ्यांचा. वर्गात जोहारी खिडकी शिकवली. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम यांची, १९५५ ची. नाव भारतीय वाटतं, पण दोघांच्या पहिल्या नावांची ती मोडतोड आहे. खिडकीच्या चार चौकटींतली एक अशी, की लोकांना आपल्याबद्दल दिसतं आणि आपल्याला दिसत नाही. मी बारा सुपरवायझर आणि ऑपरेटरना कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या: मी कमी करावं असं एक, जास्त करावं असं एक. नाव नको. पहिल्या वेळी बाराही चिठ्ठ्यांवर 'सर्व ठीक आहे'. साहजिकच आहे, कारण गोळा करायला मी स्वतः गेले होते आणि अक्षर मी ओळखते. महिन्याने पेटी कँटीनमध्ये ठेवली, टाइप करून टाका म्हटलं, आणि आधी माझी एक चूक मीटिंगमध्ये आपणहून सांगितली, ती आठशे खोक्यांची. तेव्हा नऊ चिठ्ठ्या खऱ्या निघाल्या. एकीवर होतं: 'मॅडम प्रश्न विचारतात आणि उत्तर पण त्याच देतात.' ती चिठ्ठी वहीला पिन करून ठेवली आहे. प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजायची सवय मी त्यानंतर लावली. मला अजून सहाच्या पुढे जाताना त्रास होतो.

हिशेबाचं थोडक्यात. फायनान्सचा विषय टाळू नका, कारण वरच्या खुर्चीवर सगळे निर्णय शेवटी पैशाच्या भाषेतच मागितले जातात. बॅलन्स शीट शिकवत होते तेव्हा मी आमच्याच कंपनीची उघडून बसले. पेपर मिलला रोख आणि गिऱ्हाइकाकडून नव्वद दिवसांनी, म्हणजे मधले तीन महिने बँक आम्हाला चालवत होती. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, हेही तिथेच कळलं. (आता तर तेवढ्यात दिले नाहीत तर गिऱ्हाइकाला आयकरात त्या खर्चाची वजावट त्या वर्षी मिळत नाही.) मी मालकांपुढे ते गणित मांडलं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मला बँकेच्या मीटिंगला सोबत नेलं.

पैसे, घर

कंपनी फी देणार असेल तर लिहून घ्या. मला अर्धी फी तोंडी कबूल झाली होती; दुसऱ्या वर्षी ते कोणालाच आठवेना. नोकरी न सोडण्याचा बाँड असेल तर किती महिने आणि सोडल्यास किती परत, हेही कागदावर हवं. शैक्षणिक कर्ज घेतलंत तर जुन्या करपद्धतीत व्याजाची वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते. नव्या पद्धतीत नाही.

घरच्यांना 'थोडं उशिरा येईन' असं मोघम सांगू नका, वेळापत्रक फ्रीजवर लावा. माझ्या सासूबाईंनी ते वाचून परीक्षेच्या तारखांवर स्वतः लाल खुणा केल्या आणि त्या आठवड्यांत पाहुण्यांना परस्पर नको म्हणून कळवलं. रविवारी सकाळचे चार तास घराबाहेर अभ्यास करा. मी ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात जायचे. १८९३ पासूनची संस्था, तिथे गेल्यावर फोन बाहेर काढायला आपसूकच लाज वाटते.

प्रमोशन लगेच मिळेल या भ्रमात राहू नका. मला पदवीनंतर दीड वर्ष काहीही मिळालं नाही.

प्रोजेक्ट

शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट असतो. बाजारात तयार प्रोजेक्ट मिळतात, ठाणे स्टेशनबाहेर बाइंडिंगवाल्याने मला स्वतःहून विचारलं होतं. घेऊ नका, स्वतःच्या कामातला सगळ्यात कंटाळवाणा, वर्षानुवर्षं रेंगाळलेला प्रश्न घ्या. मी पावसाळ्यातला ओलावा घेतला. जून ते सप्टेंबर, रोज तीन पाळ्यांत रिळांच्या ओलाव्याची नोंद, आणि नोंद करणारे मामा आणि तो स्लॉटिंगवाला मुलगा. गाइडनी विचारलं, यात लीडरशिप कुठे आहे? मी म्हटलं, चार महिन्यांत मी एकही नोंद स्वतः केलेली नाही.

शंभरेक पानांचा रिपोर्ट झाला. त्यातली दोन पानं, किती ओलाव्याला किती स्पीड याची, मामांनी लॅमिनेट करून कोरुगेटरशेजारी, म्हणजे शीट बनवणाऱ्या त्यांच्या मशीनशेजारी, लावली. ती अजून आहेत, कडेला गमचे डाग पडलेत. उरलेला रिपोर्ट कॉलेजच्या कपाटात असेल.